पहिला छेद घेण्याआधी

मांडीवर, दंडावर किंवा पाठीवर एक गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मग ती कपड्याला घासू लागते किंवा घरातले कुणीतरी टोकते, आणि माणूस गावातल्या सर्जनकडे जातो. सर्जन गाठ चाचपतात आणि 'चरबीची गाठ दिसते, काढून टाकू' म्हणतात. जागेपुरती भूल, अर्ध्या तासाचे काम, संध्याकाळी घरी. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते, कारण ती खरोखरच चरबीची गाठ असते. पण क्वचित असेही होते, की टाके काढायला गेलेल्या माणसाच्या हाती पॅथॉलॉजीचा अहवाल येतो आणि त्यावर 'सार्कोमा' असे लिहिलेले असते. गाठ निघून गेलेली असते, तरीही त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असेल, असे त्याला सांगितले जाते.

हा लेख त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी आहे. माझे म्हणणे असे, की ती बहुतेकदा आवश्यक असते आणि जाणत्या हातांनी झाली तर अनेकांना बरे करते. पण पहिल्या शस्त्रक्रियेची भरपाई ती करू शकत नाही. आकडे दिलासा देतात तिथेही रुग्णाने आपल्या शरीराने किंमत मोजलेली असते. ही किंमत टाळण्याची जबाबदारी पहिला छेद घेणाऱ्यावर आहे. ती पार पाडायला महागड्या यंत्रांपेक्षा एका प्रश्नाची आणि थोड्या धीराची अधिक गरज असते.

सार्कोमा हा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग आहे. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंचे आवरण, हाडे यांत तो उद्भवतो. प्रौढांना होणाऱ्या कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचा वाटा सुमारे एक टक्का आहे, आणि निरुपद्रवी गाठी त्याच्या किमान शंभरपट अधिक आढळतात. त्यातही त्याचे पन्नासहून अधिक उपप्रकार आहेत. साहजिकच, तालुक्याच्या ठिकाणी हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला संपूर्ण कारकिर्दीत हा आजार मोजक्याच वेळा भेटतो. भेटतो तेव्हाही तो चरबीच्या गाठीच्या, गँगलियनच्या किंवा मार लागून साकळलेल्या रक्ताच्या वेषात येतो. सायनोव्हिअल सार्कोमा तरुण वयात, बऱ्याचदा गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ होतो आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षे संथपणे वाढतो. 'चार वर्षांपासून आहे, म्हणजे साधीच असणार' हा आपल्याकडचा ठाम समज त्याच्यापुढे निकामी ठरतो.

गाठ काढून झाल्यावरही शस्त्रक्रिया का अपुरी राहते, हे समजायला या गाठीची वाढ कशी होते ते पाहावे लागते. सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबत जातो. त्या दबलेल्या ऊतींचा एक थर गाठीभोवती तयार होतो आणि उघड्या डोळ्यांना तो गुळगुळीत, स्वच्छ आवरणासारखा दिसतो. सर्जनने बोट फिरवले की गाठ अलगद सुटून येते. शस्त्रक्रिया उत्तम झाली असेच तेव्हा वाटते. प्रत्यक्षात त्या आवरणातच कर्करोगाच्या पेशी असतात आणि त्याच्या बाहेरच्या सुजलेल्या पट्ट्यातही त्या पसरलेल्या असू शकतात. म्हणजे गाठ सोलून काढताना सर्जनची बोटे गाठीच्या सीमेबाहेरून न जाता सीमेतूनच गेलेली असतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये या गाठींच्या शस्त्रक्रियांची वर्गवारी मांडली. गाठीच्या आतून, तिच्या कडेने, निरोगी ऊतींचे वेष्टण सोबत घेऊन, किंवा तो संपूर्ण कप्पाच काढून अशा चार पातळ्या त्यांनी सांगितल्या. सार्कोमासाठी किमान तिसरी पातळी गाठायची असते. चरबीची गाठ समजून केलेली शस्त्रक्रिया पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवरच थांबते.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होतो आणि ते रक्त स्नायूंच्या थरांमधून दूरवर झिरपते, सोबत पेशीही नेते. जखमेतले पाणी बाहेर काढायला नळी ठेवली असेल, तर ती जिथून बाहेर पडली ती वाटही संशयास्पद होते. हातापायावर छेद लांबीच्या दिशेने न घेता आडवा घेतला असेल, तर पुढे कितीतरी जास्त त्वचा आणि स्नायू काढावे लागतात. दुसऱ्या सर्जनला म्हणून गाठीपुरते काम करून चालत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचे संपूर्ण क्षेत्र, म्हणजे व्रण, नळीचे छिद्र, रक्त साकळलेली पोकळी आणि भोवतालचा स्नायू, हे सारे त्याला एकसंध काढावे लागते. तीन सेंटिमीटरच्या गाठीसाठी मग तळहाताएवढी जागा मोकळी होते. ती झाकायला दुसरीकडची त्वचा किंवा स्नायू आणून लावावा लागतो आणि त्यानंतर किरणोपचार येतात.

१९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मांडो जुलियानो आणि फ्रेडरिक आयलबर यांनी अशा रुग्णांवर ठरवून पुन्हा शस्त्रक्रिया का करावी, याची मांडणी केली. तेव्हापासून जगभरच्या केंद्रांनी आपापले अनुभव प्रसिद्ध केले आहेत. त्यांतले आकडे वेगवेगळे असले तरी चित्र एकच दिसते. 'पूर्ण काढली' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी साधारण तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत, आणि काही अभ्यासांत त्याहूनही अधिक रुग्णांत, दुसऱ्या शस्त्रक्रियेत कर्करोग शिल्लक सापडला. हाताला काही लागत नसताना तो सापडला. एमआरआयही इथे पुरेसा उपयोगी पडत नाही, कारण ताज्या जखमेची सूज आणि शिल्लक राहिलेला रोग यांत तो खात्रीने फरक करू शकत नाही.

यातून रुग्णासाठी एक अवघड प्रश्न उभा राहतो. उरलेल्यांच्या शरीरात काहीच सापडले नाही, मग त्यांची एवढी मोठी शस्त्रक्रिया वाया गेली का? मला तसे वाटत नाही. काही सापडणार नाही हे आधी कळण्याचा भरवशाचा मार्गच नव्हता, आणि वाट पाहत बसल्यावर रोग परत आला असता तर तो अधिक मोठा, अधिक खोल आणि काढायला अधिक अवघड झाला असता. काही मोजक्या रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया न करता किरणोपचार आणि काटेकोर तपासण्या पुरतात का, याचा विचार तज्ज्ञ करत आहेत आणि तो करायलाच हवा. पण तो निर्णय सार्कोमा रोज हाताळणाऱ्या मंडळींनी रुग्णासोबत बसून घ्यायचा आहे. 'आता तर काही दिसत नाही' एवढ्यावर घरच्या घरी घेण्याचा तो निर्णय नव्हे.

आता या रुग्णांचे पुढे काय होते ते पाहू. इथे आकडे फार जपून वाचावे लागतात. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने २००० मध्ये हातापायांच्या सार्कोमाच्या १,०९२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींची एकच ठरवून केलेली शस्त्रक्रिया झाली होती, तर इतरांची आधी दुसरीकडे गाठ काढून मग या केंद्रात पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती. निकाल अनपेक्षित होता. दोनदा शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली निघाली. इतर अनेक केंद्रांच्या अहवालांतही, पुन्हा नीट शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळालेले रुग्ण जगण्याच्या बाबतीत मागे पडलेले दिसत नाहीत.

यावरून 'आधी काढून पाहू, कर्करोग निघालाच तर पुन्हा करू' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घ्यायला हवे. सर्जनला साध्या वाटलेल्या गाठी मुळातच लहान आणि त्वचेलगतच्या असतात. मोठी, खोल, भयावह गाठ पाहून गावातला सर्जनही तिला हात न लावता रुग्णाला पुढे पाठवतो. म्हणजे दोन गटांची सुरुवातच सारखी नसते. एकाच्या वाट्याला सौम्य आजार अधिक आलेला असतो. शिवाय मोठ्या केंद्रापर्यंत पोहोचून जे दुसऱ्या शस्त्रक्रियेला योग्य ठरले, तेच या मोजणीत येतात. ज्यांची गाठ तपासलीच गेली नाही, जे अहवाल घरात ठेवून बसले, ज्यांचा रोग तोवर फुप्फुसांत पोहोचला, ते यात नसतात. खुद्द दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांतही एक भेद ठळक दिसतो. ज्यांच्या शरीरात रोग शिल्लक सापडला, त्यांच्यात तो परतण्याचे प्रमाण काही न सापडलेल्यांपेक्षा अधिक असते. म्हणून या आकड्यांचा खरा अर्थ असा, की दुसऱ्या शस्त्रक्रियेला पाठवलेल्या रुग्णाने आशा सोडू नये. पहिल्या सर्जनने निर्धास्त व्हावे असे त्यांत काहीही नाही.

आणि परिणाम म्हणजे केवळ जगणे-मरणे नव्हे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांच्या चाचणीतून दाखवून दिले, की सार्कोमासाठी अवयव कापणे आणि अवयव राखून शस्त्रक्रिया करून किरणोपचार देणे, या दोहोंत जगण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. तेव्हापासून हात-पाय वाचवणे हा नियम झाला आणि कापणे अपवाद ठरले. हे यश आखणीचे होते. एमआरआय आधी, सुईने बायोप्सी आधी, छेदाची दिशा आधी ठरलेली. न आखलेली शस्त्रक्रिया नेमके हे यशच उधळते. जिथे साधा लांबट व्रण राहिला असता तिथे खोलगट खड्डा राहतो. स्नायू गेल्याने पायऱ्या चढणे, मांडी घालून बसणे, पाण्याची कळशी उचलणे अवघड होते. काहींना शेवटी पाय गमवावाही लागतो.

किरणोपचारांतही रुग्ण एक पर्याय हरवून बसतो. कॅनडातील ब्रायन ओ'सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी ५० ग्रे आणि नंतर ६६ ग्रे अशा मात्रांची तुलना केली होती. आधी दिलेल्या किरणांत जखम भरण्याच्या तक्रारी जास्त, ३५ टक्के विरुद्ध १७ टक्के. मात्र मात्रा कमी लागते आणि क्षेत्र लहान राहते, त्यामुळे पुढच्या काळात ऊती कडक होणे, सांधे आखडणे हे त्रास कमी होतात. ही निवड गाठ जागेवर असतानाच नीट करता येते. गाठ आधीच काढली गेली असेल तर डॉक्टरांपुढे नेम धरण्यासाठी गाठच नसते. संपूर्ण जुने क्षेत्र झाकावे लागते. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने पुढच्या साऱ्या उपचारांचे पर्याय आखडलेले असतात.

हातापायात दुसऱ्या संधीला निदान बरीच जागा असते. पोटात तेवढी नसते. अमेरिकेतील डॉ. एमी रीड यांचा अनुभव याबाबत साऱ्या जगाने वाचला आहे. त्या स्वतः भूलतज्ज्ञ आणि सहा मुलांची आई. ऑक्टोबर २०१३ मध्ये बोस्टनमधील एका नामांकित रुग्णालयात फायब्रॉइडसाठी त्यांचे गर्भाशय दुर्बिणीतून काढण्यात आले. एवढे मोठे गर्भाशय लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी मॉर्सेलेटर वापरला गेला. या यंत्राची फिरती पाती पोटातच अवयवाचे तुकडे करतात. नंतरच्या अहवालात लिओमायोसार्कोमा, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचा सार्कोमा, निघाला. तुकडे करताना तो पोटात विखुरला गेला होता. पुन्हा मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, औषधे झाली, रोग परतत राहिला. २४ मे २०१७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या मधल्या वर्षांत रीड आणि त्यांचे पती डॉ. हूमन नूरचश्म यांनी केलेला पाठपुरावा मला वैद्यकीय नीतीतील मोठी घटना वाटते. त्यांनी स्वतःच्या दुःखाचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर केले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या अंदाजे दर ३५० स्त्रियांमागे एकीच्या गर्भाशयात न ओळखलेला सार्कोमा असतो. त्याआधी हा धोका हजारोंत एक एवढाच सांगितला जाई. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच महिन्यात या यंत्रांची विक्री थांबवली आणि जुलैमध्ये यंत्रे बाजारातून परत घेतली. नोव्हेंबरमध्ये प्रशासनाने यंत्रावर सर्वांत कडक इशारा लावला. पुढे २०२० मध्ये, निवडक रुग्णांत आणि तुकडे पोटात सरकवलेल्या बंद पिशवीच्या आतच होतील अशा पद्धतीनेच हे यंत्र वापरावे, अशी सूचना आली.

तुकडे झाल्यानंतरच्या परिणामांचे आकडे कठोर आहेत. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २०११ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील गर्भाशयाच्या लिओमायोसार्कोमाच्या ५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भाशय अखंड काढलेल्यांपैकी पाच वर्षांनी ७३ टक्के जिवंत होत्या, तर तुकडे करून काढलेल्यांपैकी ४६ टक्के. बोस्टनमधल्याच डॉक्टरांनी २०१४ मध्ये अशा स्त्रियांवर पुन्हा पोट उघडून केलेल्या तपासणीचा अनुभव मांडला. रोग गर्भाशयापुरताच आहे असे समजल्या गेलेल्या, लिओमायोसार्कोमाच्या सात स्त्रियांपैकी दोघींच्या पोटात तो पसरलेला आढळला. संख्या लहान आहे, पण शिकवण मोठी आहे. पुन्हा केलेली शस्त्रक्रिया इथे मुख्यतः खरे काय आहे ते सांगते: आजार कुठल्या टप्प्यात आहे, पुढे औषधे लागतील का. ज्ञान म्हणून ती मोलाची आहे. पण विखुरलेल्या पेशी वेचून काढून पोट पूर्ववत करण्याची ताकद तिच्यात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. 'पिशवी काढणे' ही आपल्याकडे गावोगावी होणारी शस्त्रक्रिया आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीला ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, यावर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा. काढलेली प्रत्येक पिशवी तपासणीला गेली का, आणि तिचा अहवाल त्या बाईच्या हाती पडला का?

या सगळ्यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शंभरांत किंवा साडेतीनशेत एखाद्याला असलेल्या आजारासाठी प्रत्येकाचा एमआरआय करायचा का? प्रत्येक चरबीच्या गाठीला सुई लावायची का? तसे केले तर मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतल्या रांगा दुप्पट होतील आणि ज्याला खरी गरज आहे तोच मागे राहील. मॉर्सेलेटरच्या बाबतीतही अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांनी म्हटले, की दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोडून सरसकट पोट उघडले तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांनी इतर स्त्रियांचे नुकसान होईल. हे म्हणणे खरे आहे. दुर्मिळ आजाराच्या भीतीने सगळ्यांना जड उपचार देणे हाही अन्यायच.

पण या आक्षेपाने प्रश्न संपत नाही, तो फक्त नेमका होतो. सगळ्या गाठी संशयास्पद नसतात. संशय कशाचा घ्यायचा हे वैद्यकाला अनेक वर्षांपासून ठाऊक आहे: पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी गाठ, वाढत असलेली गाठ, स्नायूच्या आवरणाखाली खोल असलेली गाठ, दुखणारी गाठ, आणि एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा आलेली गाठ. यांपैकी एकही लक्षण असेल तर छेद घ्यायचा नाही. आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय, मग सुईने बायोप्सी, आणि तीही पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलून, कारण सुईची वाटही नंतर काढावी लागू शकते. लहान, त्वचेलगतची, हलणारी, वर्षानुवर्षे न वाढलेली गाठ स्थानिक सर्जनने काढायला हरकत नाही. मात्र काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. एवढ्याने प्रत्येक सार्कोमा पकडला जाणार नाही. गर्भाशयात तर शस्त्रक्रियेआधी तो ओळखणे अजूनही अवघड आहे. पण टाळता येण्याजोग्या बऱ्याच दुसऱ्या शस्त्रक्रिया टळतील.

बायोप्सीसुद्धा कुणीही, कशीही करण्याची गोष्ट नाही. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा आढावा घेऊन चुकीच्या बायोप्सीचे धोके मांडले. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा पुन्हा आढावा घेतला तेव्हा परिस्थिती जवळजवळ तशीच होती. १८ जणांचा अवयव केवळ बायोप्सीतल्या चुकीमुळे कापावा लागला होता, आणि उपचार करणाऱ्या केंद्राबाहेर बायोप्सी झाली असेल तर चुकांचे प्रमाण दोन ते बारा पट होते. चौदा वर्षांच्या अंतराने तेच निष्कर्ष यावेत, याचा अर्थ धोका माहीत असणे पुरेसे नसते. रुग्णाला वेळेत पुढे पाठवणारी व्यवस्था लागते.

आपल्याकडे त्या व्यवस्थेच्या वाटेत दोन समज आडवे येतात. एक, 'सुई लावली की कॅन्सर पसरतो'. नीट आखून, योग्य जागेतून घेतलेल्या सुईच्या बायोप्सीने सार्कोमाच्या रुग्णाचा जीव धोक्यात येत नाही. न आखलेल्या छेदाने येऊ शकतो. दुसरा समज, 'काढून टाकली ना, मग तपासायची कशाला?' गाठ फॉर्मलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत न जाता कचऱ्यात जाते तेव्हा वाचतात ते काहीशे रुपये किंवा फार तर हजार-दोन हजार. पुढच्या वर्षी त्याच जागी गाठ परत आली तर ती कशाची होती हे सांगणारा कुठलाही पुरावा उरत नाही. कित्येकदा बाटली नातेवाइकांच्या हातात देऊन 'लॅबमध्ये द्या' असे सांगितले जाते आणि ती दिली गेली की नाही हे नंतर कुणी विचारत नाही. ही जबाबदारी नातेवाइकांवर टाकणे मला मान्य नाही. ज्याने गाठ काढली त्यानेच ती तपासून घ्यावी, अहवाल स्वतः वाचावा आणि रुग्णाला बोलावून तो समजावून सांगावा.

अहवालात सार्कोमा निघाला की डॉक्टरांची खरी कसोटी लागते. सगळी चूक त्यांचीच असते असे नाही. हा आजार जाणत्यांनाही फसवतो. पण त्यानंतर गप्प राहणे, 'थोडे वेगळे दिसते आहे, तीन महिन्यांनी दाखवा' म्हणणे, किंवा स्वतःच घाईने आणखी थोडी जागा कापून 'आता साफ केले' असे सांगणे, याला क्षमा नाही. दुसरी शस्त्रक्रिया ही रुग्णाची उरलेली सर्वांत मोठी संधी असते. ती अपुरी झाली तर तिसऱ्या वेळी हाती फार थोडे राहते. प्रामाणिक डॉक्टरने त्याच दिवशी रुग्णाला खरे सांगावे. छेद कसा घेतला, गाठ फुटली होती का, नळी कुठून काढली होती, हे लिहून द्यावे आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक व स्लाइड्स मिळवून देऊन त्याला सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रात पाठवावे. परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ पासून आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरची कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडली गेली आहेत. मत विचारायला आज प्रत्येक रुग्णाने मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही.

कायदाही या बाबतीत रुग्णाच्या बाजूने उभा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही, आणि संमती घेण्याआधी रुग्णाला आजार, पर्याय आणि धोके पुरेसे सांगितले पाहिजेत. गाठ काढण्याआधी 'ही साधी असण्याची शक्यता खूप आहे, पण क्वचित कर्करोग निघू शकतो, आणि तसे झाले तर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल' हे वाक्य म्हणूनच सौजन्यापुरते राहत नाही. ते रुग्णाच्या हक्कात बसते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यासाठी रुग्णाला कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागू नयेत.

वैद्यकीय संघटनांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. शल्यचिकित्सेच्या परिषदांत नव्या यंत्रांवर सत्रे होतात, तशीच तालुका पातळीवरच्या सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सामान्य डॉक्टरांसाठी 'गाठ कधी काढू नये' यावर सत्रे व्हायला हवीत. रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरला कमी लेखण्याची आपल्याकडे सवय आहे. 'यांना जमले नाही' असे लोक म्हणतात, आणि त्या धास्तीने अनेक जण हातची शस्त्रक्रिया सोडत नाहीत. संशयास्पद गाठीला हात न लावता योग्य ठिकाणी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरने रुग्णावर सर्वांत मोठा उपकार केलेला असतो, हे आपण रुग्ण म्हणून आणि समाज म्हणून मान्य करायला शिकले पाहिजे.

वाचकांना माझी विनंती आहे. अंगावर गाठ असेल तर घाबरू नका; शंभरांतल्या नव्याण्णव निरुपद्रवी असतात. पण ती लिंबापेक्षा मोठी, वाढणारी, खोल, दुखणारी किंवा पुन्हा आलेली असेल तर कापण्याआधी तपासणीचा आग्रह धरा. काढायचीच असेल तर 'तपासणीला पाठवणार ना?' हे आधीच विचारा, आणि अहवाल हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अहवालात सार्कोमा निघाला, तर पहिल्या डॉक्टरांवर रागावण्यात किंवा घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सगळी कागदपत्रे, ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन थेट अनुभवी केंद्रात जा आणि सांगितलेली दुसरी शस्त्रक्रिया करून घ्या. आणि डॉक्टर मंडळींनो, सार्कोमाच्या रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरवण्याचा सर्वांत मोठा अधिकार पहिला छेद घेणाऱ्याच्या हाती असतो. शंका असेल तर तो छेद घेऊ नका.